प्रश्न मागे घेणारा माणूस

मुकादमचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कर्जतच्या बाजारात चहावाल्याची उलटतपासणी घेत होते. "या चहात आलं घातलेलं नाही, हे खरे आहे काय? असल्यास, न घालण्याची कारणे काय आहेत? नसल्यास, ते जिभेला का लागत नाही?" चहावाला जागचा न हलता म्हणाला, "चाचा, प्रश्न उद्भवत नाय. आज आलंच आणलं नाय." बाकड्यावरची माणसं हसली. चाचा मात्र हसले नाहीत. "उत्तर मिळालं, समाधान झालं नाही," असं म्हणून त्यांनी कप रिकामा केला आणि कानावरची पेन्सिल चाचपून ते आमच्या ऑफिसचा जिना चढायला लागले. त्यांच्या मागून चढता चढता माझ्या मनात आलं, या माणसाबरोबर रोज काम करायचं म्हणजे कठीण आहे.

आमचं ऑफिस म्हणजे खासदारताईंचं संपर्क कार्यालय, भाताच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. ताई राज्यसभेच्या सदस्य. टायपिंग करणं, फोन घेणं आणि आलेल्या माणसाला पाणी देऊन शांत बसवणं हे माझं काम. मी लोधिवलीची, रोज स्कूटीवरून येणारी. चाचांनी उभी हयात विधानमंडळाच्या प्रश्न शाखेत काढलेली. आमदार रागाच्या भरात काहीतरी खरडून द्यायचे, त्याचा नियमात बसणारा प्रश्न करायचा, हे त्यांचं काम होतं. निवृत्तीनंतर ते कर्जतला घरी बसले होते. ताई त्यांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "चाचा, मला बोलता येतं, विचारता येत नाही." त्या एका वाक्यावर चाचा विरघळले.

प्रश्न विचारण्यात एवढं काय आहे, असं मलाही वाटायचं. तेव्हा त्यांनी मला पुलाची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एक प्रश्न तयार केला होता: अमुक ओढ्यावरचा पूल वाहून गेला, हे खरे आहे काय? उत्तर आलं, हे खरे नाही. पुढच्या सगळ्या भागांना उत्तर, प्रश्न उद्भवत नाही. चाचा चक्रावले, कारण त्या गावची माणसं दोराला धरून ओढा ओलांडत होती. मग कळलं की पूल सबंध वाहून गेला नव्हता, अर्धा गेला होता. "उत्तर खोटं नव्हतं, वैशू. माझा प्रश्न ढिला होता. त्या ढिलाईपायी त्या लोकांनी आणखी एक पावसाळा दोर धरला." हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज खाली आला होता.

तेव्हापासून त्यांनी स्वतःला नियम घालून घेतले. प्रश्नाने एकाच जागेवर बोट ठेवायचं. पळवाट ठेवायची नाही. आणि कुणा माणसाचं नाव घालायचं नाही. हा तिसरा नियम सभागृहाचा; एकट्या व्यक्तीच्या बाबीवरचा प्रश्न नामंजूर होतो. पेन्सिलीशिवाय दुसरं काही ते वापरत नसत, आणि खोडरबर खिशात सुपारीसारखा सतत असायचा. शब्द खोडायचे, फुंकर मारायचे, पुन्हा तोच शब्द लिहायचे.

घरीही हेच. जुबेदाचाची सांगायच्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, अजून मला सरळ विचारलेलं नाही की जेवायला काय आहे. पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, असंच सुरू होतं." चाचींनीही तयारी ठेवली होती. भात लागला की त्या म्हणायच्या, "हे अंशतः खरे आहे."

चाचा भित्रे होते, हे मी प्रेमाने लिहिते. ऑफिसला कुलूप लावलं की अर्ध्या जिन्यावरून परत जाऊन ते ओढून बघायचे. पाठवलेलं पत्र पोहोचलं का हे विचारायला त्यांनी मला एकदा एका दिवसात तीनदा फोन करायला लावला होता. मीही काळजी करण्यात कमी नाही, त्यामुळे आमचं छान जमलं. ताई म्हणायच्या, माझ्या ऑफिसात दोन माणसं आहेत आणि दोघांचाही जीव टांगणीला.

अशा ऑफिसात एका मंगळवारी सुगंधा आली. कोंडाण्याची, तिशी ओलांडलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. पाणी दिलं तर ती ते प्यायलीच नाही.

"माजा माणूस तिकडं हाय," ती म्हणाली. "लढाई लागलीय तिथं. टीव्हीवर दावतात ते शहर."

शहराचं नाव मी इथे लिहीत नाही, आणि देशाचंही नाही. ही चाचांचीच शिकवण. ते म्हणायचे, देशाचं नाव आलं की ऐकणारा लगेच बाजू घेतो, आणि मधे सापडलेला माणूस राहून जातो.

सुगंधाचा नवरा नारायण पूर्वी खोपोलीच्या एका कारखान्यात जनरेटर चालवायचा. कारखाना बंद झाला, मग एजंटामार्फत तो परदेशात एका मोठ्या हॉस्पिटलात त्याच कामावर लागला. युद्ध सुरू झालं आणि शहराची वीज गेली. आता हॉस्पिटल चालत होतं ते त्या एका जनरेटरवर. नारायण आणि तिथलाच एक मेकॅनिक, इद्रीस नावाचा, आळीपाळीने मशीनपाशी बसायचे. झोपायचे तिथेच, तळघरात. आसपासची घरं पडलेली माणसंही बायकापोरांसकट तिथेच उतरली होती.

"निघून ये म्हणलं तर म्हणतो, मशीन बंद पडलं तर वरचे पेशंट मरतील," सुगंधा म्हणाली. "मी मेली तरी चालंल का रं तुला, असं इचारलं मी त्याला. तर फोनच कट झाला."

दूतावासाच्या नंबरावर फोन करून झाले होते, अर्ज भरून झाला होता. त्याची पोचही तिच्याकडे होती. चाचांनी ती पोच दोनदा वाचली आणि ताईंना फोन लावला. परराष्ट्र मंत्र्यांना प्रश्न विचारायचं ठरलं.

सुगंधाला वाटलं, आता आपल्या नवऱ्याचं नाव दिल्लीत घेतलं जाणार. चाचांनी तिला नियम समजावून सांगितला. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "गावातलं कुत्रं हरवलं तरी नावानं हाका मारतात. माज्या माणसाचं नाव का नाय घ्यायचं?"

 चाचांनी खोडरबर काढला आणि टेबलावर काहीही लिहिलेलं नसताना तो घासत बसले.

मग ते कामाला लागले. नाव घालायचं नाही, पण प्रश्न असा करायचा की तो नारायणशिवाय दुसऱ्या कुणाला बसूच नये, हे त्यांनी मनाशी धरलं. युद्धाचे नियम, जिनिव्हाचे करार, हे सगळं त्यांनी मला मोठ्या अक्षरात छापून काढायला लावलं. त्यात त्यांना सापडलं की हॉस्पिटल चालू ठेवायला लागणाऱ्या कामगारांनाही डॉक्टर-नर्सप्रमाणेच संरक्षण आहे. त्या दिवशी ते लहान मुलासारखे खूश झाले. "म्हणजे जनरेटरवाला पण आला की गं यात!" आणि दुसऱ्या क्षणाला चेहरा उतरला. "पण ते पाळतंय कोण?"

गावात तोवर कुजबुज सुरू झाली होती. कर्जतच्या पाण्याचं बघा म्हणावं आधी, परदेशातल्या लढाया नंतर. हे मला चहाच्या टपरीवर तोंडावर ऐकवलं गेलं. मी भांडून आले. चाचा म्हणाले, "भांडायचं कशाला? त्यांना विचारायचं, सदर कामगार कर्जत तालुक्यातील आहे, हे खरे आहे काय."

नऊ दिवसांनी प्रश्न तयार झाला. मी तो टाइप केला तेव्हा मलाही त्याचा अभिमान वाटला. अमुक शहरातील अमुक हॉस्पिटलच्या तळघरात, जनरेटर कक्षालगत, भारतीय कामगार व स्थानिक कुटुंबे आश्रयास आहेत, हे खरे आहे काय. असल्यास, युद्धाच्या नियमांनुसार त्यांच्या संरक्षणासाठी सरकारने दोन्ही बाजूंशी कोणता संपर्क साधला. नसल्यास, विलंबाची कारणे काय. कुठूनही निसटायला जागा नव्हती. ताईंच्या दिल्लीच्या ऑफिसने भाषांतर करून तो दाखल केला. चाचांनी त्या दिवशी आम्हाला स्वतः चहा पाजला, आणि त्यात आलं होतं.

पुढच्या मंगळवारी सुगंधा आली. थोडी सावरलेली वाटली, कारण आदल्या दिवशी फोन लागला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "आता कुठं झोपतो ते पण सांगत नाय. हॉस्पिटलवाल्यांनी सगळ्यांना बजावलंय, तळघरात माणसं हायत हे फोनवर बोलायचं नाय. कोण ऐकंल, कोण काय समजंल, काय सांगावं. मला म्हणाला, तू पण कुठं बोलू नको गं."

चाचांचा हात पेन्सिलीवर तसाच राहिला. मला काही कळलं नव्हतं. त्यांनी सुगंधाला हळूच विचारलं, "हे त्याने कधी सांगितलं?" काल, ती म्हणाली. ती गेल्यावर चाचा उठून उभे राहिले, पुन्हा बसले.

"वैशू, मंजूर प्रश्नांची यादी कधी लागते?"

"दोन-तीन दिवसांत लागेल, चाचा. का?"

"ती यादी कोण वाचू शकतं?"

"कोणीही. वेबसाइटवर असते."

हॉस्पिटलचं नाव, तळघर, जनरेटर कक्षालगत. आम्ही बोट ठेवलं होतं. इतकं नेमकं ठेवलं होतं की जगातल्या कुणालाही ते दिसलं असतं. नशीब एवढंच की पेपरांना द्यायची बातमी मी यादी लागेपर्यंत रोखून धरली होती. चाचा सारखं एकच म्हणत होते, "मी पळवाट बुजवली गं. मी त्यांची पळवाट बुजवली."

प्रश्न मागे घ्यायला सदस्याची सही लागते. ताई त्या दिवशी खालापूर तालुक्याच्या दौऱ्यावर होत्या आणि फोन लागत नव्हता. चौकजवळ एका लग्नाला जाणार आहेत एवढंच माहीत होतं. मी मागे घेण्याचं पत्र टाइप केलं, चाचा माझ्या स्कूटीवर मागे बसले. आयुष्यात ते कधी दुचाकीवर बसले नव्हते. एका हाताने माझा खांदा, दुसऱ्या हाताने छातीशी फाइल. वाटेत मी दोनदा थांबून फोन लावला, दोनदा तोच आवाज, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. चाचा पाठीमागे काहीतरी पुटपुटत होते. दुवा मागत असावेत, पण माझ्या कानावर "असल्यास", "असल्यास" एवढंच येत होतं.

ताई मांडवात पंगतीला बसायच्या बेतात होत्या. आम्हाला बघून त्या बाहेर आल्या. चाचांनी सगळं सांगितलं, स्वतःची चूक तर दोनदा सांगितली. ताईंनी पत्र वाचलं.

"म्हणजे उत्तर मिळणार नाही?"

"नाही मिळणार, ताई."

"आणि यादी लागल्यावर कुणाचं लक्ष गेलंच नसतं, असंही असेल ना?"

"असेल," चाचा म्हणाले. "पण ते मला कोण लिहून देणार?"

ताईंनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मी फोटो काढला. रेंजसाठी हायवेपर्यंत जावं लागलं, तिथून तो दिल्लीला गेला. त्यानंतरचे दोन दिवस मी तासातासाला वेबसाइट उघडून बघत होते. यादी लागली तेव्हा चाचांनी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, मग मला वाचायला लावली, मग पुन्हा स्वतः वाचली. आमचा प्रश्न त्यात नव्हता. चाचा रिकाम्या टेबलाकडे बघत म्हणाले, "एवढी वर्षं प्रश्न यादीत यावा म्हणून धडपडलो."

सुगंधाला हे सांगायला ते स्वतः कोंडाण्याला गेले. मी सोबत होते. ती सुपात तांदूळ घेऊन ओटीवर बसली होती. चाचा उभ्यानेच बोलले. तिने सुपातला एक खडा काढून टाकला.

"आधी नाव नाय घातलं," ती म्हणाली. "आता प्रश्न पण काढला. मंग तिथं तो हाय, हे ठाव हाय कुणाला?"

"तुला आहे. मला आहे," चाचा म्हणाले.

"आपुन दोघं काय करणार?"

चाचा तिच्या समोर जमिनीवर बसले आणि सुपातले खडे काढायला लागले. आम्ही दिवस कलेपर्यंत तिथे होतो. चहा मिळाला, पण त्यावर चाचांनी एकही प्रश्न विचारला नाही.

नंतर चाचांनी दुसरा प्रश्न तयार केला, मुद्दाम ढिला. शहर नाही, हॉस्पिटल नाही, फक्त संघर्षग्रस्त भागातील नागरिक. त्याचं उत्तर आलं: माहिती घेण्यात येत आहे. पूर्वी असं उत्तर आलं की चाचा चिडायचे. या वेळी त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. त्याच सुमारास नारायणचे फोन बंद झाले. सुगंधा मंगळवारची वाट न बघता रोजच यायला लागली. ती आणि चाचा समोरासमोर बसायचे. मी दोघांना चहा द्यायचे. फोन वाजला की तिघंही एकदम बघायचो. बहुतेक वेळा पलीकडे कुणीतरी रस्त्याच्या दिव्याची तक्रार सांगत असायचं, आणि मी त्या माणसावर उगाच डाफरायचे.

फोन बंद झाल्यापासून सातव्या आठवड्यात नारायण आला. खरंच आला. शेजारच्या देशातून, गाड्यांच्या तांड्यातून, मग विमानाने. सुगंधा त्याला सरळ आमच्या ऑफिसात घेऊन आली. जिन्यावरूनच ओरडली, "चाचा, आला हो!" मी रडले, लाज न बाळगता रडले. चाचांनी नारायणचे दोन्ही हात धरले आणि त्याला खुर्चीत बसवलं. बारीक झालेला, एका कानाने कमी ऐकू येणारा माणूस. मोठ्याने बोलायचा, मशीनच्या आवाजात बोलायची सवय लागल्यासारखा.

पेढे वाटून झाले. चाचांनी विचारलं, "तू निघालास तेव्हा मशीन चालू होतं?"

"चालू होतं. दोन दिवसांचं डिझेल होतं. गाड्या आल्या त्या फक्त बाहेरच्या देशांच्या लोकांना न्यायला. मी नाय म्हणत होतो. इद्रीस म्हणाला, तू जा, मशीन मी बघतो. माज्या हातातून पान्हा काढूनच घेतला त्यानं."

"मग?"

"मग काय. मी गाडीत बसलो."

"त्याच्यानंतर?"

नारायणने मान खाली घातली. "फोन लागत नाय त्याचा. हॉस्पिटलचा पण नाय लागत." सुगंधाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तसाच होता, पण आता तिला तो झाकावासा वाटत होता, हे मला दिसत होतं.  जाताना चाचा नारायणला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि तिथे बराच वेळ त्याच्याशी काहीतरी बोलत राहिले.

गेल्या वर्षी, पावसाळा संपता संपता, चाचा झोपेतच गेले. तोवर त्यांचं ऑफिसला येणं कमी झालं होतं. पण मला त्यांची आठवण येते ती नारायण येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची. सकाळी मी कुलूप उघडायला गेले तर चाचा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. हातात कागद, पेन्सिलीने लिहिलेला, एकही खोडाखोड नसलेला.

"हे टाइप कर," ते म्हणाले.

मी वाचलं. चाचांच्या प्रश्नात मी पहिल्यांदाच एका माणसाचं नाव बघत होते. इद्रीसचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. खाली एकच ओळ.

"चाचा, नाव घातलंय तुम्ही. आणि हा आपल्या देशाचाही नाही. नामंजूर होईल हे."

"होऊ दे. नाव नारायणकडून दोनदा विचारून घेतलंय. नाव घालायला माझी हरकत नाही म्हणाला. दोन दिवसांचं डिझेल कधीच संपलं, आता लपवण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही."

मी कॉम्प्युटर सुरू केला. टाइप करून झाल्यावर सवयीने थांबले. "पुढचे भाग सांगा ना. असल्यास, नसल्यास?"

"नाहीत," चाचा म्हणाले. ते खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. "एवढंच विचारायचंय. हे सध्या कोठे आहेत?"